राइटने ‘हो’ म्हटलं, मग पावती गेली कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. देवास नाक्याकडच्या एका वजनकाट्यावर तुमचा सी-मधला प्रोग्राम चालतो. मशीन उबंटूचं. काट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टवर वजन पाठवतो, ऑपरेटरने बटण दाबलं की गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन आणि वेळ अशी एक ओळ फाइलमध्ये जाते आणि ट्रकवाल्याच्या हातात छापील पावती पडते. जूनच्या पहिल्या वादळात लाइट गेली. मशीन परत चालू केलं तर शेवटच्या सहा पावत्या फाइलमध्ये नाहीत. कागदावर मात्र आहेत. कोणीतरी सांगितलं, ‘एफप्रिंटएफ बफर करतं, सरळ ओपन आणि राइट हे सिस्टम कॉल वापर.’ तुम्ही ते केलं. (एफप्रिंटएफ हे सी-च्या लायब्ररीतलं लिहिण्याचं फंक्शन, बफर म्हणजे मजकूर तात्पुरता साठवायची मेमरीतली जागा, आणि सिस्टम कॉल म्हणजे कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, थेट केलेली विनंती.) पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा एक पावती गेली. राइटने परत दिलेला आकडा तपासला होता, तो बरोबर होता. तर आता प्रश्न असा की सिस्टम कॉलच वापरला तर मध्ये बफर आला कुठून, आणि फाइल उघडताना ओ-सिंक (प्रत्येक राइट डिस्कवर उतरेपर्यंत थांबायला लावणारा पर्याय) लावून मोकळं व्हावं का?

सहाची एक झाली, हे तुम्ही ‘थोडा फरक पडला’ असं म्हणून जाता जाता लिहिलंय. मला तेच सगळ्यात कामाचं वाटलं, कारण निदान त्यातच आहे.

सहा गेल्या तेव्हा काय झालं ते बघा. एफप्रिंटएफने ओळ तुमच्या प्रोग्रामच्याच मेमरीत ठेवली होती. समोर फाइल असेल तर सी-ची लायब्ररी बफर भरेपर्यंत, म्हणजे साधारण ४०९६ बाइट होईपर्यंत, खाली काहीच पाठवत नाही. समोर टर्मिनल असेल तर प्रत्येक ओळ संपली की पाठवते. म्हणून स्क्रीनवर टेस्ट करताना सगळं झकास दिसतं आणि तोच प्रोग्राम फाइलकडे वळवला की गप्प बसतो. तुमची ओळ ७० बाइटची धरली तर त्या बफरमध्ये ५८ ओळी मावतात. सहावर निभावलं हे नशीब म्हणायचं. ऐन सोयाबीनच्या हंगामात, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असताना हे झालं असतं तर पन्नास गेल्या असत्या.

एक गेली तेव्हा हा बफर नव्हताच. राइट केलं की बाइट तुमच्या प्रोग्राममधून कर्नलकडे जातात हे खरं, पण कर्नल ते लगेच डिस्कवर उतरवत नाही. तो त्यांना रॅममध्ये, पेज कॅशमध्ये ठेवतो, त्या पानावर ‘हे अजून उतरवायचंय’ अशी खूण करतो आणि तुम्हाला ‘७० बाइट घेतले’ असं सांगून मोकळा होतो. उतरवण्याचं काम मागाहून होतं. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये हे काम करणारा कर्नलचा धागा (थ्रेड) दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ज्या पानांवरची खूण ३० सेकंदांहून जुनी आहे ती डिस्ककडे पाठवतो. म्हणजे तुमच्या डेटाच्या डोक्यावर साधारण अर्ध्या मिनिटाची टांगती तलवार असते. काट्यावर एक गाडी चढून उतरायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेव्हा त्या अर्ध्या मिनिटात एखादीच पावती सापडणार. तुमची तशीच सापडली.

माझे मामेसासरे छावणीत एका आडतीवर मुनीम होते. सौदा झाला की ते आधी हातातल्या चिठ्ठीवर टिपायचे, सवड मिळाली की कच्च्या वहीत चढवायचे आणि दिवेलागणीनंतर सावकाश पक्क्या वहीत. ‘लिहून घेतलं’ असं ते चारदा म्हणायचे, पण त्याचा अर्थ पक्क्या वहीत उतरलं असा बाजारात कोणी घेत नसे. एफप्रिंटएफ म्हणजे खिशातली चिठ्ठी आणि राइट म्हणजे कच्ची वही. पक्क्या वहीत उतरवून घ्यायला वेगळं सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या कॉलचं नाव एफसिंक.

कर्नल हे फसवायला करत नाही. शंका असेल तर मशीनवर दहा मिनिटं घालवा. डीडी हा कमांड घेऊन १० मेगाबाइट शून्यं एका फाइलमध्ये लिहा, ब्लॉकचा आकार १ बाइट ठेवून. मग तेच ब्लॉकचा आकार ४०९६ ठेवून. पहिल्या वेळी १ कोटी ४ लाख ८५ हजार ७६० वेळा राइट होतं (आणि तितक्याच वेळा रीड), दुसऱ्या वेळी फक्त २५६० वेळा. पहिल्याला सेकंदं लागलेली दिसतील, दुसरा एंटर दाबेपर्यंत संपलेला असेल. आणि लक्षात घ्या, यात डिस्कची वाट कोणी पाहिलीच नाही. हा सगळा फरक प्रोग्राममधून कर्नलमध्ये जाण्या-येण्याचा. त्या कोटीभर फेऱ्यांत प्रत्येक बाइटसाठी डिस्कवर जाऊन यायचं ठरवलं असतं तर सात हजार दोनशे आरपीएमच्या हार्डडिस्कला एका फेरीला ८ मिलिसेकंद लागतात, त्या हिशेबाने दिवस गेला असता. बफर आहेत म्हणून संगणक वापरण्याजोगा आहे.

दुसरं एक बघायला मजा येते. एका खिडकीत /प्रॉक/मेमइन्फो या फाइलमधली ‘डर्टी’ नावाची ओळ दर सेकंदाला दाखवत ठेवा. दुसऱ्या खिडकीत २०० मेगाबाइटची एक फाइल बनवा. कमांड संपून प्रॉम्प्ट परत आलेला असतो, आणि इकडे डर्टीचा आकडा फुगलेला असतो. ती तुमची ‘लिहून झालेली’ फाइल, रॅममध्ये बसलेली. मग सिंक असा कमांड द्या, आकडा खाली येताना दिसेल. मी नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी दाखवते, कारण एकदा डोळ्यांनी पाहिलं की परत समजावावं लागत नाही.

आता इथे एक घोळ सोडवायला हवा. प्रोग्राम मरणं आणि लाइट जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि बहुतेक लोक पहिलीची टेस्ट करून दुसरीबद्दल निर्धास्त होतात. तुमचा जुना, एफप्रिंटएफवाला प्रोग्राम चालवा, चार ओळी लिहू द्या आणि किल-९ (प्रोग्राम तडकाफडकी मारणारा कमांड) मारा. ओळी गेल्या. नवा, राइटवाला चालवा, चार ओळी, किल-९. ओळी जागच्या जागी. प्रोग्राम मेला तरी कर्नल जिवंत आहे, कच्ची वही त्याच्याकडे आहे. तुम्ही ही टेस्ट केली असणार आणि ‘झालं’ असं वाटलं असणार. पण लाइट गेली की कर्नलच जातो, कच्च्या वहीसकट. त्याची टेस्ट करायची तर खरोखर प्लग ओढावा लागतो, किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून त्याला बाहेरून खाडकन बंद करावं लागतं. शटडाउन म्हणून बंद करण्यात काही अर्थ नाही, तो जाता जाता सगळं उतरवून जातो.

तर मग तुमच्या प्रोग्राममध्ये काय बदलायचं? माझ्या मते एकच गोष्ट, आणि ती क्रमाची आहे. आत्ता तुम्ही राइट करता आणि लगेच पावती छापता. छापील पावती हे बाहेरच्या माणसाला दिलेलं वचन आहे. ट्रकवाला ती घेऊन निघून जातो, ती परत घेता येत नाही. वचन देण्याआधी पक्की वही व्हायला हवी. म्हणजे आधी राइट, मग एफडेटासिंक (एफसिंकचाच हलका प्रकार, फरक पुढे सांगते), तो शून्य परत देईपर्यंत थांबायचं, आणि मगच प्रिंटर. या क्रमात लाइट कुठेही गेली तरी चालतं. सिंकच्या आधी गेली तर फाइलमध्ये नोंद नसेल, पण कागदही नसेल. ऑपरेटर गाडी परत चढवेल. सिंकनंतर आणि छापण्याआधी गेली तर नोंद आहे, कागद नाही. दुसरी प्रत छापायची सोय ठेवा. कागद आहे आणि नोंद नाही, ही एकच अवस्था वाईट, आणि ती या क्रमात येऊच शकत नाही. एस-ट्रेस (प्रोग्रामने केलेले सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावून पाहिलं तर प्रत्येक पावतीला असं जोडपं दिसलं पाहिजे, आणि प्रिंटरकडचा राइट त्याच्या खाली:

राइट(३, "एमपी०९… २४५६० ९१२० १५४४० …", ७०) = ७०
एफडेटासिंक(३) = ०

एफसिंक आणि एफडेटासिंक यांत फरक इतकाच की दुसरा फाइल वाचायला लागत नाही अशी माहिती, उदाहरणार्थ शेवटच्या बदलाची वेळ, उतरवण्याच्या मागे लागत नाही. फाइलची लांबी वाढली असेल तर ती मात्र उतरवतो, म्हणून शेपटाला ओळी जोडणाऱ्या तुमच्या फाइलला तो पुरतो. ‘हळू होईल का?’ असं तुम्ही विचाराल. होईल. साध्या हार्डडिस्कवर काही दहा-वीस मिलिसेकंद. काट्यावर गाडी उभी राहायला दोन मिनिटं लागतात, तिथे हा वेळ कोणाच्या खिजगणतीतही नाही. हेच सेकंदाला पाच हजार नोंदी घेणाऱ्या सर्व्हरवर केलंत तर तो बसेल. तिथे बऱ्याच नोंदी गोळा करून एकदाच सिंक करतात आणि मग सगळ्यांना मिळून ‘झालं’ म्हणतात. म्हणून ‘नेहमी सिंक करावं का’ याला सरसकट उत्तर नाही. तापमानाचा लॉग असेल, शेवटचं अर्धं मिनिट गेलं तरी कोणाचं काही बिघडत नसेल, तर सिंकच्या नादी लागू नका.

ओ-सिंक लावलंत तर प्रत्येक राइटमागे सिंक आपोआप होईल. एफडेटासिंकच्या बरोबरीचा त्याचा भाऊ ओ-डीसिंक. विसरण्याची भीती नाही हा त्याचा गुण. पण लोक एक ओळ पाच तुकड्यांत लिहितात, नंबर वेगळा, स्वल्पविराम वेगळा, वजन वेगळं, आणि मग एका पावतीला पाच सिंक होतात. पूर्ण ओळ आधी मेमरीत बनवून एकाच राइटने टाकत असाल तर ओ-डीसिंकही चालेल. मला स्वतःला सिंक कोडमध्ये डोळ्यांना दिसलेला आवडतो. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कळतं की इथे मुद्दाम थांबलोय. ओ-डायरेक्टचं नाव कोणी सुचवलं तर ऐकू नका. तो पेज कॅश टाळतो, पण पक्क्या वहीची हमी देत नाही, आणि वर मेमरीतल्या पत्त्यांची नि लांबीची जुळवाजुळव करायला लावतो.

आणि एफप्रिंटएफला तुम्ही उगाच शिव्या दिल्यात. ते ठेवूनही काम झालं असतं: ओळ लिहा, एफफ्लशने खिशातली चिठ्ठी कर्नलकडे द्या, मग फाइलनोने डिस्क्रिप्टर (कर्नलने उघड्या फाइलला दिलेला क्रमांक, वरच्या उदाहरणातला ३) काढून त्यावर एफसिंक. फक्त एफफ्लश करून थांबणारे खूप भेटतात. तेही कच्च्या वहीवरच थांबलेले असतात.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. एफसिंक डिस्कपर्यंत नेतो आणि डिस्कच्या स्वतःच्या कॅशलाही ‘उतरव’ असा आदेश पाठवतो. पुढे डिस्क प्रामाणिक हवी. स्वस्तातल्या काही एसएसडी आणि बहुतेक पेनड्राइव्ह-कार्डांबद्दल मी पैज लावणार नाही. सर्व्हरच्या एसएसडीत लाइट गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यापुरते कपॅसिटर असतात, घरगुती एसएसडीत सहसा नसतात. त्यामुळे काट्याच्या खोलीत एक छोटा यूपीएस बसवा, पण यूपीएस आहे म्हणून सिंक काढू नका. बॅटरी कधी संपली हे आपल्याकडे वादळातच कळतं. प्रोग्राम मॅकवर चालवणार असाल तर तिथला एफसिंक डिस्कची कॅश रिकामी करत नाही; त्यासाठी एफसीएनटीएल या सिस्टम कॉलमधून एफ-फुलएफसिंक नावाचा वेगळा आदेश द्यावा लागतो. आणि फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये असेल तर दोन मशीनवरून ओ-अपेंडने (शेपटाला जोडण्याच्या पर्यायाने) एकाच फाइलला ओळी जोडू नका, ओळी एकमेकींवर पडतात.

तुम्ही रोज तारखेच्या नावाने नवी फाइल उघडता असं लिहिलंय. तिथे एक गंमत आहे. फाइलमधला मजकूर आणि फोल्डरमध्ये त्या फाइलचं नाव या दोन वेगळ्या नोंदी आहेत. नवी फाइल बनवून तिच्यावर सिंक केलात तरी नाव पक्कं झालंय याची कागदोपत्री हमी त्यात नाही. म्हणून सकाळी पहिल्यांदा फाइल बनली की ते फोल्डरही वाचण्यापुरतं ओपन करून त्याच्या डिस्क्रिप्टरवर एकदा एफसिंक करा. दिवसातून एकदाच लागतं.

पावती क्रमांकाची जी छोटी फाइल तुम्ही ठेवलीय, तिची मला जास्त काळजी वाटते. कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलेय. साधारण २०११ ची गोष्ट. एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात माझाच प्रोग्राम होता. दर पावतीला क्रमांकाची फाइल ओ-ट्रंक (उघडताच फाइल रिकामी करणारा पर्याय) लावून उघडायची, नवा आकडा लिहायचा, बंद करायची. एका रात्री कुठल्याशा लॉगने डिस्क काठोकाठ भरली. माझ्या ओपनने फाइल रिकामी केली, तो मोकळा झालेला ब्लॉक लॉग लिहिणाऱ्याने पटकावला आणि माझ्या राइटला जागा संपल्याची एरर आली. ती मी तपासलीच नव्हती. चार बाइट लिहायला कसली एरर, अशी घमेंड. सकाळी कोणीतरी डिस्क साफ केली, प्रोग्रामने रिकामी फाइल वाचली, रिकाम्याचा आकडा शून्य धरला आणि पावत्या १ पासून सुरू केल्या. एकोणीस पावत्या झाल्यावर हिशेबनीसबाईंच्या लक्षात आलं. त्या दिवशीचं बोलणं मी अजून विसरलेले नाही.

जागच्या जागी फाइल बदलायचीच नाही, हा त्यानंतरचा माझा नियम. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने नवी फाइल बनवायची, तिच्यात पूर्ण मजकूर लिहायचा, एफसिंक करायचा, क्लोज करायची, प्रत्येकाचं उत्तर तपासायचं आणि मग रिनेमने तिला जुन्या नावावर बसवायचं. रिनेम एका झटक्यात होतं. वाचणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाइल दिसते किंवा नवी पूर्ण, मधली अर्धवट कधीच नाही. शेवटी फोल्डरचा एफसिंक. डिस्क भरलेली असेल तर नवी फाइल फसते, जुनी शाबूत राहते. मधला एफसिंक गाळण्याचा मोह होतो, पण गाळू नका. एक्स्ट४ ही फाइलसिस्टीम नवी होती तेव्हा, २००९ च्या सुमारास, रिनेम करणारे पण सिंक न करणारे कितीतरी प्रोग्राम लाइट गेल्यावर शून्य बाइटच्या फाइली घेऊन उठत होते. नाव बदलल्याची नोंद पोचायची आणि मजकूर मागे राहायचा. बरीच वादावादी झाली, शेवटी कर्नलमध्ये अशा प्रोग्रामांना सांभाळून घेणारी सोय घातली गेली. ती सोय मेहरबानी म्हणून आहे, तिच्या भरवशावर कोड लिहायचा नसतो.

राइटचा आकडा तुम्ही तपासता हे छान. पण तो मागितल्यापेक्षा कमी आला तर काय करता ते लिहिलेलं नाही. राइटला सगळे बाइट घेण्याचं बंधन नाही. ७० दिले आणि ४२ घेतले, तर उरलेले २८ त्रेचाळिसाव्या बाइटपासून पुन्हा द्यायचे, संपेपर्यंत. उणे एक, म्हणजे एरर, आला आणि कारण ई-इंटर असेल, म्हणजे मध्येच सिग्नल आला असेल, तर तोच कॉल परत करायचा. बाकी कुठलंही कारण असेल तर थांबून माणसाला सांगायचं. साध्या फाइलवर कमी बाइट क्वचितच जातात, पण डिस्क भरत आली की नेमके तेव्हाच जातात.

रीडच्या बाजूला तर हे रोजचंच आहे, आणि तुमच्या सीरियल पोर्टवर मला एक बग आत्ताच दिसतोय. तुम्ही एक रीड करता आणि जे आलं त्याला वजन समजता. पोर्ट रॉ मोडमध्ये (बाइट जसेच्या तसे देणाऱ्या) असेल तर रीड तोवर आलेले बाइट देतो; इंडिकेटरची पूर्ण चौकट, म्हणजे एका वजनाचा अख्खा संदेश, येईपर्यंत थांबत नाही. गाडीचं वजन २४५६० किलो आहे आणि पहिल्या रीडमध्ये ‘२४५’ आले, पुढच्यात ‘६०’. तुमच्या प्रोग्रामने पंचवीस टनांची गाडी अडीच क्विंटललाही पोचू दिली नाही. असे आकडे मधूनच येतात आणि लोक केबलला दोष देतात. आलेले बाइट एका बफरला जोडत जा. सुरुवातीची खूण आणि शेवटची खूण दोन्ही मिळाल्या, मधली लांबी जुळली, तरच ते वजन. चौकटीचा साचा इंडिकेटरगणिक वेगळा असतो, तो त्याच्या पुस्तिकेतून घ्या. आणि फाइल वाचताना रीडने शून्य दिला तरच फाइल संपली. कमी दिले म्हणून संपली असं नाही.

फाइल ओ-अपेंडनेच उघडा. मग प्रत्येक राइटच्या आधी कर्नल स्वतः शेपटाकडे जातो, आणि उद्या मालकाच्या केबिनमधून त्याच मशीनवर दुसरा प्रोग्राम ओळी जोडू लागला तरी एकमेकांवर लिहिलं जात नाही. एलसीकने शेवटाला जाऊन मग राइट करण्यात मध्ये फट राहते. पण ओ-अपेंड लाइट जाण्यापासून वाचवत नाही. ओळ अर्धी उतरलेली असताना लाइट गेली तर अर्धी ओळ फाइलमध्ये राहील. म्हणून ओळीच्या शेवटी एक चेकसम (ओळीतल्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) टाका, सीआरसी-३२ पुरे, आणि सुरू होताना शेवटची ओळ तपासा. न्यू-लाइन नसेल किंवा चेकसम जुळत नसेल तर ती ओळ बाजूला काढून पुढे चला. क्रम पाळला असेल तर अशा ओळीची पावती छापली गेलेलीच नसते, त्यामुळे तिची हळहळ नको.

एफसिंकनेच उणे एक दिला तर? इथे बहुतेकांना वाटतं, परत करून बघू. नका करू. लिनक्समध्ये डिस्कवर उतरवताना एरर आली की ती एफसिंक एकदा सांगतो, पण त्या पानावरची ‘उतरवायचंय’ ही खूण पुसली गेलेली असू शकते. दुसऱ्यांदा एफसिंक केलात की त्याला उतरवण्यासारखं काही सापडत नाही आणि तो खुशाल शून्य देतो. डेटा मात्र गेलेला असतो. २०१८ मध्ये हे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं. इतकी वर्षं तेही परत करूनच बघत होते. आता त्यांचा डेटाबेस एफसिंक फसला की सरळ स्वतःला बंद करून घेतो आणि पुन्हा उठताना लॉगमधून सगळं नव्याने लावतो. तुमच्यासाठी सोपं आहे. एफसिंक फसला की पावती छापायची नाही, स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘डिस्क तपासा’, आणि काटा हातवहीवर.

खरं सांगू, हेच काम मी आज नव्याने करायला बसले तर एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस) घेईन. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं त्याच्या पोटात आहे आणि ते माझ्या लेखणीपेक्षा जास्त वेळा तपासलं गेलंय. एवढं बघा की त्यात सिंक्रोनस हे सेटिंग ‘फुल’वरच राहू द्या. डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिण्याचा) घेऊन ते ‘नॉर्मल’ केलंत तर फाइल बिघडत नाही, पण लाइट गेल्यावर शेवटच्या नोंदी जाऊ शकतात, म्हणजे तुम्ही परत एका पावतीवर आलात. मात्र तुमच्या हिशेबनीसाला साधी टेक्स्ट फाइलच हवीय आणि तुम्हाला सिस्टम कॉल शिकायचेत, तर टेक्स्ट फाइलही पक्की करता येते. फार अवघड नाही.

दोन किरकोळ गोष्टी. ओ-क्रिएट (फाइल नसेल तर बनवण्याचा पर्याय) देताना ओपनचा तिसरा आकडा, परवानगीचा, विसरू नका. कंपायलर गप्प बसू शकतो आणि फाइलला जो कचरा सापडेल ती परवानगी मिळते. तुमच्या कोडमध्ये तो नाहीये. ०६४४ लिहा, पुढचा शून्य धरून. आणि क्लोजचं उत्तरही बघा, पण ई-इंटर आला म्हणून लिनक्सवर क्लोज परत करू नका. डिस्क्रिप्टर आधीच सुटलेला असतो आणि तोच क्रमांक एव्हाना प्रोग्रामच्या दुसऱ्या धाग्याने उघडलेल्या फाइलला मिळालेला असू शकतो. तुम्ही भलतीच फाइल बंद कराल.

राहिल्या त्या सात पावत्या, सहा आणि एक. त्या फाइलमध्ये गुपचूप मध्ये घुसवू नका. कार्बन प्रतींवरून शेवटाला भरा, मूळ वेळ तीच ठेवा, आणि ‘हाताने भरली’ असा एक जास्तीचा रकाना करून त्यात तारीख नि भरणाऱ्याचं नाव टाका. क्रमांकाची फाइल त्याआधी उघडून बघा. सहा ओळी गेल्या तेव्हा तीही मागे राहिली असेल, तर तेच सहा क्रमांक दुसऱ्या गाड्यांना पुन्हा गेलेले असतील.